ॲशबर्नचा वाचकवर्ग

आमच्या कॉलेजात ग्रंथपालाकडे कुणी पुस्तक मागत नाही, आकडा मागतात. तोही पाचच्या आत. सकाळी कधीतरी प्राचार्यांच्या केबिनमधून मामा निरोप घेऊन येतात, "साहेबांनी रिपोर्टरीचा आकडा मागितलाय." त्यांना म्हणायचं असतं रिपॉझिटरी. ती काय असते हे मामांना ठाऊक नाही. प्राचार्यांनाही नाही, पण त्यांचा उच्चार बरोबर आहे. पदापदांत एवढा फरक असायचाच.

मग मी संगणकापुढे बसतो, ॲडमिन म्हणून लॉगिन करतो, 'स्टॅटिस्टिक्स'वर क्लिक करतो आणि पांढऱ्याशुभ्र पानावर चार ओळी उमटतात. सिस्टिममध्ये अंतर्गत बिघाड झाला आहे. जे करत होतात ते पुन्हा करून पाहा. तरीही जमलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. खाली निळी लिंक. ती दाबली की मेलची चौकट उघडते आणि 'प्रति'च्या पुढे माझाच पत्ता असतो. मी त्यात काही खरडायच्या आतच माझ्या इनबॉक्सात एक मेल येऊन पडतो की, अमुक वाजता अमुक वापरकर्त्याला बिघाड आढळला आहे, कृपया लक्ष घालावं. वापरकर्ता मी. कळवणारा सर्व्हर माझ्या ताब्यातला. लक्ष घालायचं तेही मीच. तक्रार नोंदवणं, ती पुढे पाठवणं आणि ती मिळाल्याची पोच देणं इतक्या झटपट दुसऱ्या कुठल्या कार्यालयात होत नसेल. निवारण तेवढं राहतं.

रिपॉझिटरी म्हणजे संस्थेतल्या लिखाणाचं ऑनलाइन कोठार. आमचं कोठार ज्यावर चालतं ते डीस्पेस हे सॉफ्टवेअर एमआयटीचं ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून 2002 साली जगाला फुकट दिलं. यातला 'फुकट' हा शब्द आमच्या व्यवस्थापनाच्या कानी पोचायला बरीच वर्षं लागली, पण पोचल्यावर त्यांनी एक दिवस वाया घालवला नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'शोधगंगा' डीस्पेसवर चालते, देशभरातल्या पीएचडीचे प्रबंध तिच्यात आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं आपल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयातली जुनी, दुर्मिळ पुस्तकं त्यावरच सगळ्यांना खुली केली आहेत. या थोर परंपरेत आपणही असावं असं आमच्या संस्थेला वाटलं. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजनं केलं, म्हणून वाटलं. मला एका कार्यशाळेला धाडण्यात आलं. तिथे एक जूटची पिशवी, एक पेन, एक प्रमाणपत्र आणि इन्स्टॉलेशनची जाडजूड झेरॉक्स मिळाली. यातली पिशवी अजून उपयोगी पडते.

झेरॉक्सबरहुकूम सगळं उभं राहिलं. डीस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीला 'हँडल' नावाचा एक कायमचा पत्ता मिळतो आणि त्यासाठी प्रत्येक संस्थेनं स्वतःचा क्रमांक घ्यायचा असतो. शोधगंगेचा 10603 आहे. सॉफ्टवेअर नवंकोरं असतं तेव्हा त्यात नमुन्यादाखल 123456789 घातलेला असतो. तो बदलावा अशी अपेक्षा असते. स्वतःच्या क्रमांकासाठी अमेरिकेत थोडे डॉलर भरावे लागतात, म्हणून मी नोट टाकली. लेखापालांनी फाईलवर शेरा मारला, 'पार्टीचा जीएसटी नंबर जोडावा.' फाईल तिथेच आहे आणि आम्ही 123456789 वर आहोत. एकटे नाही. हाच क्रमांक 'कायमचा' म्हणून मिरवणारी आणखी बरीच मंडळी देशात आहेत. एकाच पत्त्यावर इतकी कुटुंबं नांदताना मी फक्त रेशनकार्डावर पाहिली आहेत.

आत काय आहे म्हणाल तर प्राध्यापकांचे शोधनिबंध, एमएचे लघुप्रबंध, वार्षिकांकाचे जुने अंक, संस्थापकांच्या अमृतमहोत्सवाचा गौरवग्रंथ आणि मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. यांतलं विद्यार्थी काय उघडतात हे कळायला आकडेवारी लागत नाही.

आकडेवारी लागते ती कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकला. चौथ्या निकषात ग्रंथालय येतं आणि रोज सरासरी किती शिक्षक-विद्यार्थी ग्रंथालय वापरतात ते तिथे भरायचं असतं. पायी येणारे आणि ऑनलाइन लॉगिन करणारे, दोन्ही. पायी येणाऱ्यांसाठी दाराशी वही आहे. पोरं मोबाइल चार्जिंगला लावायला आत शिरताना तिच्यात सही करतात, त्यामुळे तो आकडा बरा भरतो. उन्हाळ्यात पंख्यांमुळे आणखी वाढतो. ऑनलाइनचं मात्र वही ठेवून भागत नाही. त्यासाठी सर्व्हरची मर्जी लागते.

आणि त्या सर्व्हरमध्ये एक प्राणिसंग्रहालय आहे. वेबसाइट चालवणारा तो टॉमकॅट, म्हणजे बोका. माहिती सांभाळणारं पोस्टग्रेस. त्याच्या बोधचिन्हावर हत्ती आहे. वाचकांची मोजदाद या दोघांकडेही नसते, ती सोलर नावाच्या तिसऱ्याच गृहस्थाकडे असते. म्हणजे शोधनिबंधाचं नाव हत्तीला ठाऊक, तो कितींनी उघडला ते सोलरला ठाऊक, आणि दोघांची गाठ घालून पानावर मांडायचं काम बोक्याचं. तिघांपैकी एक जरी रुसला तरी अहवाल नाही. तिघं एकाच दिवशी खुशीत असण्याचा योग ज्या दिवशी येतो त्या दिवशी नेमकी लाईट नसते.

आमच्या संगणक विभागात कंत्राटी पोरगा आहे. हुशार आहे. कुठल्याही रोगावर त्याचं एकच औषध. "सर, टॉमकॅट रिस्टार्ट मारा." मारला. "आता सर्व्हर रिस्टार्ट मारा." मारला. "आता माझ्या लॅपटॉपवरून बघतो." मग तो त्याच्या लॅपटॉपवर माझ्यासारखंच पांढरं पान उघडतो आणि म्हणतो, "सर, इथे पण येतंय." त्याच्या आवाजात निदान झाल्याचं समाधान असतं.

एके दिवशी पानाच्या पोटात शिरून पाहिलं तेव्हा हत्तीचा खरा निरोप सापडला, 'फेटल: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.' मी इतकी वर्षं नोकरी केली, पण प्राणघातक म्हणून सुरुवात करून पुढच्याच शब्दाला सॉरी म्हणणारा अधिकारी मला भेटला नव्हता. प्राचार्य मागे येऊन उभे होतेच.

"म्हणजे गर्दी झालीय?"

"एका अर्थी हो, साहेब. पण ते..."

"किती जण झाल्यावर असं म्हणतं ते?"

"मूळ मर्यादा शंभरची असते."

"म्हणजे आत्ता एका वेळी शंभर वाचक!" त्यांनी दारातूनच नॅक कोऑर्डिनेटर मॅडमना हाक मारली. "मॅडम, लिहून घ्या. आणि या पानाचा फोटो जिओटॅग करून ठेवा."

ते शंभर जण कोण हे पाहायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. एक आज्ञा दिली की सगळ्या जोडण्यांची यादी येते आणि कोण काय करतोय तेही कळतं. यादी आली. जवळजवळ प्रत्येकापुढे लिहिलं होतं, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन.' व्यवहार सुरू केलाय आणि पुढे काहीच करत नाहीये. आमच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं पहाटे येऊन प्रत्येक खुर्चीवर एक सॅक, एक पाण्याची बाटली ठेवतात आणि चहाला निघून जातात. दुपारी बारापर्यंत अभ्यासिका 'फुल्ल' आणि आत माणूस एकही नाही, तोच हा प्रकार. बोक्यानं हत्तीकडे शंभर खुर्च्या धरल्या होत्या आणि मी स्वतः, या संस्थेचा ॲडमिन, अहवाल मागायला गेलो तर मला बाहेर उभं केलं होतं. मी सॅका उचलल्या. प्राचार्य हळहळले. "अहो, राहू द्यायचे होते की काही."

हत्ती शांत झाला तसा सोलर उठला. आता पडद्यावर नवी ओळ होती, आयओ एक्सेप्शन ऑकर्ड व्हेन टॉकिंग टू सर्व्हर. इंग्रजीच्या मॅडम प्रश्नपत्रिका शोधायला आल्या होत्या, त्यांनी चष्मा सावरून पडदा वाचला. "सर, यात 'ऑकर्ड'चं स्पेलिंग चुकलंय. एक 'आर' कमी आहे." मी म्हटलं, असेल. त्या ठामपणे म्हणाल्या, "म्हणूनच चालत नसेल." मला हसू आलं, पण नंतर खात्री केली तर मॅडमचं अर्धं बरोबर होतं. तो 'आर' सोलरच्या मूळ कार्यक्रमातच कमी होता आणि त्या एका 'आर'विना तो संदेश वर्षानुवर्षं जगभरच्या पडद्यांवर झळकला आहे. घाईत असलेल्या माणसाला स्पेलिंग दिसत नाही हेच खरं. दिसतं ते फक्त इंग्रजीच्या मॅडमना.

"सर, कॅटलिना बघा," पोरगा म्हणाला.

"कोण कॅटलिना?" प्राचार्य पुन्हा हजर. "गेस्ट लेक्चरला बोलावलंय का कुणाला?"

कॅटलिना डॉट आउट ही टॉमकॅटची रोजनिशी. काय बिघडलं, कुठे ठेच लागली, ते त्यात उतरतं आणि ती आपण होऊन कधी आटोपती घेत नाही. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या पाचव्यानुसार ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत संस्था आहे. आमच्या ग्रंथालयात या व्याख्येला उतरणारी वस्तू एकच, ही फाईल. नोटपॅडमध्ये उघडायला गेलो तर नोटपॅडनं डोळे पांढरे केले. शेवटी तिचं फक्त शेपूट तोडून वाचलं. तिथे पाहिलं तर वरच्या ओळीत बिघाड, त्याखाली 'कॉज्ड बाय' करून दुसरा बिघाड, त्याखाली पुन्हा 'कॉज्ड बाय'. प्रत्येकजण आपल्या खालच्याकडे बोट दाखवत होता. सगळ्यात तळाशी, जिच्या खाली कुणीच उरलं नव्हतं अशी एक गरीब ओळ होती, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.' म्हणजे बिघाड का होतोय हे लिहून ठेवता ठेवता रोजनिशीनं डिस्क भरून टाकली होती आणि डिस्क भरल्यामुळे बिघाड होत होता.

नवीन हार्ड डिस्कसाठी तीन कोटेशनं लागतात. गावात संगणकाची दुकानं दोन. तिसरं कोटेशन पहिल्या दुकानदारानंच मेहुण्याच्या लेटरहेडवर दिलं, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह. डिस्क आली.

मधल्या काळात 2017 साल हरवलं ते वेगळंच. जुनी आकडेवारी वर्षावर्षाच्या कप्प्यांत वेगळी काढायची सोय आहे. एकदा सर्व्हर बंद करून चालू केला आणि तो कप्पा उघडलाच नाही. अहवालात त्या वर्षी आमच्या कॉलेजात कुणी काहीही वाचलं नव्हतं. माझा यावर विश्वास बसायला काही हरकत नव्हती, पण नॅकच्या मॅडमना पाच वर्षांची सरासरी हवी होती. शिवाय यंत्राचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आमचं जूनमध्ये आणि लेखापालांचं एप्रिलमध्ये. तिघांना एका तक्त्यात बसवता बसवता मॅडमनी दोनदा चहा मागवला आणि एकदा राजीनाम्याचा विषय काढला.

तर अखेर अहवाल उघडला. भेटींचा आकडा पाहून मीच खुर्चीत ताठ झालो. पण वाचकांच्या पत्त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच पत्ता, 127.0.0.1. प्रत्येक संगणक स्वतःलाच हाक मारायला जो पत्ता वापरतो तो हा. झालं होतं असं की पोरानं वेबसाइटच्या नावापुढे कुलूप दिसावं म्हणून टॉमकॅटच्या पुढ्यात एन्जिनएक्स नावाचा द्वारपाल बसवला होता. येणारा प्रत्येकजण त्याच्या हातून आत येई आणि टॉमकॅटला फक्त द्वारपाल दिसे. द्वारपालाच्या मागे खरा कोण आहे ते विचारत जा, अशी एक सूचना द्यावी लागते. ती देईपर्यंत प्राचार्यांनी तो रकाना वाचला होता.

"हे सगळं एकाच माणसानं वाचलंय?"

"तसं दिसतंय, साहेब."

"रात्री-अपरात्रीसुद्धा! कोण आहे हा? विद्यार्थी की स्टाफ?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. शाल-श्रीफळ सांगून ठेवा."

सूचना दिली, पत्ते उलगडले. मग पत्त्यांवरून गावं कळावीत म्हणून एक नकाशा-कोश लागतो. तो फुकटच मिळतो, पण 2019 च्या अखेरीपासून त्यासाठी नाव नोंदवून किल्ली घ्यावी लागते. घेतली. आणि 'सर्वाधिक भेटी देणारी शहरं' या मथळ्याखाली यादी आली. आमच्या तालुक्याचं नाव तिच्यात नव्हतं. पुणं फार खाली होतं. पहिल्या क्रमांकावर ॲशबर्न, व्हर्जिनिया. त्याखाली माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया. त्याखाली बोर्डमन, ऑरेगन. मग बीजिंग.

बातमी स्टाफरूममध्ये पोचायला मधली सुट्टीही लागली नाही. भूगोलाचे सर धावत आले. त्यांच्या 'तालुक्यातील आठवडी बाजारांचे स्थानिक वितरण' या निबंधाला ॲशबर्नहून उदंड प्रतिसाद होता. निबंध मराठीत आहे. आमच्या तालुक्यातसुद्धा तो त्यांच्याशिवाय दोघांनीच वाचलाय, त्यांपैकी एक मी आणि मी सारांशावर थांबलो होतो.

"मला वाटतच होतं," सर खुर्ची ओढून बसले. "तिकडे लोकल मार्केटवर फार काम चाललंय सध्या."

ॲशबर्न हे वॉशिंग्टनजवळचं गाव. जगातल्या डेटा सेंटरांची सगळ्यात दाट वस्ती त्या भागात आहे. मोठमोठ्या कंपन्या भाड्यानं संगणक देतात त्यांची अवाढव्य कोठारं तिथे उभी आहेत. बोर्डमनलाही तशीच. माउंटन व्ह्यूला गूगलचं मुख्यालय. तिथून आमच्याकडे येतात ते बॉट, म्हणजे आपोआप चालणारे कार्यक्रम. यांना जुना शब्द 'स्पायडर', कोळी. शोधयंत्रांचे कोळी पूर्वीपासून होतेच. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्यांचेही आलेत, आणि ते वखवखल्यासारखे वाचतात. बाकी पत्त्यावरून गाव काढायचं हे शास्त्र किती भरवशाचं, तेही सांगतो. अशा कोशांचं काम करणाऱ्या एका कंपनीनं 'अमेरिकेतला आहे, पण कुठला ते माहीत नाही' अशा सगळ्या पत्त्यांना देशाच्या मध्यावरचा एक बिंदू देऊन टाकला होता. तो बिंदू पडला कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर. 2016 साली एका पत्रकार बाईंनी छडा लावला तेव्हा त्या शेताच्या नावावर साठ कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते निघाले. त्यांतल्या एखाद्या पत्त्यावरून फसवाफसवी झाली की लोक त्या शेतावर येऊन दार ठोठावत, पोलिसही येत. हे मी भूगोलाच्या सरांना ऐकवलं. ते म्हणाले, "पण आमचं ॲशबर्नच दाखवतंय ना? कॅन्सस नाही ना?"

यंत्रांना यादीतून वगळायची आज्ञा डीस्पेसमध्ये आहे. ओळखीच्या कोळ्यांवर खूण करायची आणि मग खूण केलेल्यांना मोजायचं नाही. शिवाय 2003 पासून 'काउंटर' नावाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच आहे. त्यात वापर कसा मोजावा ते ठरवून दिलंय. त्याप्रमाणे एकाच माणसानं तीस सेकंदांच्या आत तेच पान दोनदा उघडलं तर एकदाच धरायचं. हा नियम मी सहज स्टाफरूममध्ये बोलून गेलो. रसायनशास्त्राचे एक सर रोज सकाळी आपला निबंध उघडून रिफ्रेशचं बटण तबला वाजवावा तसं वाजवतात. त्यांचा चेहरा पडला. पण शास्त्राचा माणूस हार मानत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एकतीस सेकंदांनी एकेक क्लिक करतात. ऑफ तासाला हे काम छान होतं असं त्यांचं म्हणणं.

मी कोळी वगळले. आकडा कोसळला. म्हणजे उतरला वगैरे नाही, जमिनीवर आला आणि बसला. उरलं ते काय, तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या प्रश्नपत्रिका, रसायनशास्त्राचे सर, आणि मी. गौरवग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेणारा एकच वाचक होता आणि तो बीजिंगचा बॉट होता. त्याला वगळल्यावर गौरवग्रंथाच्या पुढे शून्य आलं. रंगनाथनांचा तिसरा नियम असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. त्या ग्रंथाला बिचाऱ्याला मिळाला होता, मी हाकलला.

अहवाल घेऊन केबिनमध्ये गेलो. प्राचार्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा एरर आधी काढा."

"साहेब, हा एरर नाही. हा खरा आकडा आहे."

"मग आधीचा कोणता होता?"

"तो एरर होता."

"तोच बरा होता की! त्यात दहापट वाचक होते."

"पण ते वाचक यंत्रं आहेत, साहेब."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मला एक सांगा. ते आपलं साहित्य उघडतात?"

"उघडतात."

"पूर्ण डाउनलोड करतात?"

"शेवटच्या पानापर्यंत."

"पुन्हा येतात?"

"दर थोड्या वेळानं. रात्रीसुद्धा."

"पुस्तक परत द्यायला उशीर नाही, पानं फाडत नाहीत, रीडिंग रूममध्ये बोलत नाहीत, मोबाइल चार्जिंगला लावत नाहीत. आणखी कसला वाचक हवाय तुम्हाला?"

याला उत्तर नव्हतं. तीस वर्षं मी ज्या वाचकाची वाट पाहिली त्याचं हे तंतोतंत वर्णन होतं.

तोडगा काढला नॅकच्या मॅडमनी. सात फाईली मांडीवर घेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, हे बॉट लॉगिन करतात का?" मी म्हटलं, नाही. "कॅम्पसमध्ये येतात?" नाही. "आपण त्यांच्याकडून फी घेतो?" नाही. "मग चौथ्या निकषात नकोतच ते. तिसऱ्यात विस्तारकार्य आहे, तिथे घालू. समाजातल्या वंचित घटकांसाठी निःशुल्क ज्ञानप्रसार." प्राचार्य मिनिटभर त्यांच्याकडे बघत राहिले. पुढच्या प्राचार्य कोण होणार हे त्या मिनिटाला मला कळलं.

भूगोलाच्या सरांना मात्र वगळलेला अहवाल मान्य नव्हता. त्यांना बढतीच्या फाईलला जोडायला 'आंतरराष्ट्रीय वाचकसंख्या' असं शिक्क्यानिशी पत्र हवं होतं. मी टाळाटाळ करतोय हे पाहून ते एक दिवस विजयी मुद्रेनं आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा त्याच भागात नोकरीला निघाला. ॲशबर्नलाच. त्यांनी त्याला रात्री व्हिडिओ कॉल लावला होता.

"त्याला विचारलं, तुमच्याकडे आमचे निबंध वाचतात म्हणे, खरं का?"

"मग काय म्हणाला?"

"आधी हसला. मग म्हणाला, मामा, मी जातो त्या इमारतीला खिडक्यासुद्धा नाहीत. आत नुसती कपाटंच कपाटं, रांगेनं. माणूस चुकूनमाकून एखादा."

"बघा," मी म्हटलं. "मी सांगत होतो ना?"

"तेच तर," सर म्हणाले. "कपाटंच कपाटं, माणसांची ये-जा नाही, मध्ये बोलायला कुणी नाही. अहो, वाचनाला याहून उत्तम जागा कुठली? तुम्ही शिक्का काढा."